अभ्रकाचे पान आणि सिलिकॉनची पट्टी

कोलकात्यास बदली होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आमच्या कचेरीत एक लहानसा अपघात घडला. मेजांवर घालावयाच्या दोन नव्या काचा आल्या होत्या. काचवाला दोन काचांच्या मध्ये वर्तमानपत्राचे पान घालून देतो हे सर्वांनी पाहिलेले असते. ते का घालतो हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्याकडे कोणीतरी ते पान काढून घेतले आणि काचा एकमेकींवर नीट रचून खिडकीशी ठेवून दिल्या. पावसाची झड आत आली. चार दिवसांनी मेजे आली, तेव्हा त्या दोन काचांची एकच काच होऊन बसली होती. दोघांनी दोन बाजूंनी ओढून पाहिले, कोणी सुरी आणली, आणि अखेर वरची काच सुटली ती तीन तुकड्यांनी. नुकसानीची रक्कम कोणत्या सदरात घालावी ह्याविषयीची टिप्पणी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ती लिहिता लिहिता मनात आले, की ह्या दोन काचा एकमेकींस किती जोराने धरून बसल्या होत्या, हे कोणी मोजले आहे काय?

नोकरीत शिरण्यापूर्वी भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळविली होती. तिचा उपयोग कचेरीत फारसा होत नाही, पण अशा वेळी ती आतून टोचते. मग सुट्टीच्या दिवसांत वाचीत गेलो. त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला, तो माझ्या अपेक्षेहून पुष्कळच वेगळा निघाला. दोन घन पदार्थ एकमेकांना किती धरतात हे मोजावयास माणसास अडीचशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातील बहुतेक काळ चुकीचे आकडे मिळविण्यात गेला. आणि अखेर ज्या युक्तीने हे मोजमाप केसाहून बारीक यंत्रांपर्यंत पोहोचले, ती युक्ती साठ वर्षांपूर्वीच एका रशियन शास्त्रज्ञाने अभ्रकाच्या पानावर करून दाखविलेली होती.

आरंभ इंग्लंडात झाला असे मानण्यास हरकत नाही. १७२४ मध्ये देसागुलिये ह्या गृहस्थाने रॉयल सोसायटीपुढे शिशाच्या दोन गोळ्यांचा प्रयोग मांडला. प्रत्येक गोळ्याचा लहानसा तुकडा कापून आतले ताजे, चकचकीत शिसे उघडे करावयाचे, आणि हाताने किंचित पीळ देऊन ते दोन्ही भाग एकमेकांवर दाबावयाचे. गोळे असे चिकटत, की खालच्या गोळ्यास पौंडांनी वजन टांगले तरी सुटत नसत. प्रयोग प्रेक्षणीय होता, पण त्यातून निघणारा आकडा दर वेळी निराळा येई. पीळ कमी-अधिक झाला, शिसे थोडे मळले, की उत्तर बदलले. ह्या शास्त्राच्या कपाळी पुढे जे लिहिलेले होते ते सारे ह्या पहिल्या प्रयोगातच दिसते.

त्यानंतरची मोठी घटना प्रयोगशाळेत नव्हे, तर बंदुकांच्या कारखान्यात घडली. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील कारागीर कार्ल एडवर्ड योहान्सन ह्याने १८९६ च्या सुमारास पोलादी मापठोकळ्यांचा संच कल्पिला. हे ठोकळे इतके सपाट घासलेले असत, की एकावर एक सरकवून दाबले म्हणजे ते जोडले जात आणि कित्येक ठोकळ्यांची एक सलग काठी होई. यंत्रकामाच्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात हे ठोकळे आजही मखमलीच्या पेटीत आढळतात. ते कशाने चिकटतात ह्याविषयी मात्र बराच काळ वाद होता. बाहेरची हवा दाबते म्हणून, असे पुष्कळांस वाटे. परंतु हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमच. ठोकळे ओढून काढण्यास त्याहून अधिक जोर लागे, आणि निर्वातातही ते सुटत नसत. १९१२ मध्ये बजेट ह्या इंग्रज संशोधकाने दाखविले, की पृष्ठभाग अगदी निखळ स्वच्छ केले तर ठोकळे धरीतच नाहीत. त्यांना धरून ठेवतो तो द्रवाचा अतिशय पातळ थर. हाताचा ओशटपणा किंवा हवेतली ओल त्याला पुरते. आमच्या काचांचे रहस्य येथपर्यंत उलगडले. शिल्लक प्रश्न असा, की ओल नाही, ओशटपणा नाही, अशा दोन कोरड्या पृष्ठभागांमध्ये काही ओढ असते काय, आणि असल्यास किती?

ओढ असली पाहिजे असे सिद्धांत सांगत होता. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स ह्याने १८७३ मध्ये वायूंच्या वर्तनावरून रेणूंमध्ये परस्पर आकर्षण असल्याचे मांडले होते. फ्रिट्झ लंडन ह्याने १९३० मध्ये नव्या पुंजयामिकीच्या आधारे त्या आकर्षणाचे कारण सांगितले, आणि १९३७ मध्ये हमाकर ह्याने रेणूरेणूंची ओढ बेरजेने जोडून दोन गोलकांमधील बलाचे गणित तयार केले. कागदावर सारे सुंदर होते. पण दोन पृष्ठभाग एकमेकांपासून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाइतक्या अंतरावर धरून ठेवायचे, तेथे त्यांची ओढ तोलायची, आणि तोलताना ते अचानक एकमेकांवर आदळू द्यायचे नाहीत, ही गोष्ट कोणत्याही तराजूला पेलण्यासारखी नव्हती.

नेमक्या ह्याच सुमारास लेनिनग्राडच्या परंपरेतला एक तरुण शास्त्रज्ञ तराजू बाजूला ठेवून निराळ्या वाटेने गेला. त्याचे नाव इव्हान वासिल्येविच ओब्रेइमोव्ह. त्याने प्रयोगासाठी निवडला तो अभ्रक. झारखंडातील कोडरमा, गिरिडीह भागात ज्यांची नोकरी झाली असेल त्यांना अभ्रकाविषयी अधिक सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साऱ्या जगाला अभ्रकाचे पत्रे पुरविण्यात त्या मुलखाचा वाटा फार मोठा होता. घराघरांतून बायका नि मुले सुरीच्या टोकाने अभ्रकाचे ठोकळे सोलून त्यांची पाने वेगळी करीत. विजेच्या इस्त्रीत तार गुंडाळलेली असे ती ह्याच पानांवर. अभ्रकाचा गुण असा, की तो पानापानांनी सुटतो आणि सुटलेले पान अणूंच्या पातळीवरही सपाट असते. त्यावर एका अणूइतकीही पायरी दूरवर आढळत नाही. पृष्ठभागाच्या अभ्यासकाला निसर्गाने दिलेली ही देणगीच होय.

ओब्रेइमोव्हची युक्ती अशी. अभ्रकाच्या ठोकळ्याच्या काठाशी एक पातळ पान थोडे उचलावयाचे आणि त्याच्याखाली काचेची पाचर सरकवावयाची. पान पाचरीवर वाकते आणि पाचरीच्या पुढे काही अंतरापर्यंत ठोकळ्यापासून सुटते. तेथे दोन गोष्टींची ओढाताण चालू असते. वाकलेल्या पानाला सरळ व्हावयाचे असते, म्हणून ते भेग पुढे रेटते. पान आणि ठोकळा ह्यांच्यामधील आकर्षण भेग मागे खेचते. दोघांचा समतोल होतो तेथे भेग थांबते. म्हणजे भेगेची लांबी हीच आकर्षणाची मोजदाद. बल तोलण्याची गरज नाही. पान किती जाड, पाचर किती उंच आणि भेग किती लांब, एवढे कळले की पुरे. भिंगाखाली दिसणाऱ्या रंगीत पट्ट्यांवरून पानाची जाडी काढता येते. मला स्वतःला ही युक्ती अतिशय मनोहर वाटते. जी वस्तू मोजावयाची तिलाच तराजू बनविले. आणि तराजूचा काटा म्हणजे एक भेग, जी साध्या डोळ्यांनी पाहता येते.

१९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. त्यात दोन निरीक्षणे अशी होती, की त्यांचे महत्त्व लोकांच्या पुरते ध्यानात यावयास पुढे कित्येक वर्षे लागली. पहिले असे, की पाचर मागे घेतली म्हणजे भेग मिटते, पान पुन्हा आपल्या जागी बसून चिकटते. मात्र पुन्हा सोलताना पहिल्याइतका जोर लागत नाही. दुसरे निरीक्षण अधिक नवलाचे. हाच प्रयोग निर्वात केलेल्या नळीत केला, तेव्हा भेग पुष्कळच आखूड राहिली आणि सोलताना मंद विद्युत्प्रकाशही दिसला. भेगेच्या लांबीवरून काढलेली ऊर्जा हवेतल्यापेक्षा दहा पटींहून अधिक निघाली. हवेत असताना ओल भेगेत शिरून नव्या पृष्ठभागांवर बसते आणि त्यांची एकमेकांसाठीची भूक भागविते, असा त्याचा अर्थ. एकच अभ्रक, एकच हात, एकच पाचर. पण हवा आत असली तर एक उत्तर आणि नसली तर दुसरे. तेव्हा आसंजन हा पदार्थाचा गुण नव्हेच; तो पदार्थ, त्यावर बसलेले पाणी आणि भोवतालची हवा ह्यांचा मिळून होणारा व्यवहार आहे.

ओब्रेइमोव्हचे पुढले आयुष्य सरळ गेले नाही. खार्किव्ह येथील प्रख्यात भौतिकी-तांत्रिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी तो एक आणि तिचा पहिला संचालक. १९३७–३८ च्या धरपकडीत त्या संस्थेवर घाला पडला. कित्येक शास्त्रज्ञ पकडले गेले, काहींना प्राणास मुकावे लागले. ओब्रेइमोव्हला १९३८ मध्ये अटक झाली आणि १९४१ मध्ये सुटका. पुढे त्याच राजवटीने त्याला पारितोषिकही दिले. सरकारी नोकरीत असलेल्या माझ्यासारख्याला ह्या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते, पण विषय दुसरा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोरड्या पृष्ठभागांची ओढ थेट तोलण्याचा ध्यास दोन ठिकाणी घेतला गेला. मॉस्कोत बोरिस देर्यागिन आणि इरिना अब्रिकोसोव्हा. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे ओव्हरबेक आणि स्पारनाय. गंमत अशी, की देर्यागिन नि ओव्हरबेक ही नावे तोवर एकत्र जोडली गेली होती, कारण द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांना का चिकटतात किंवा चिकटत नाहीत ह्याचा सिद्धांत दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे काढला होता: लान्दाऊसह देर्यागिनने १९४१ मध्ये आणि फर्वेसह ओव्हरबेकने १९४८ मध्ये. आता तेच दोघे समोरासमोर आले. दोन्हीकडे घासून गुळगुळीत केलेली काच किंवा स्फटिक, दोन्हीकडे अतिसूक्ष्म तराजू. पण उट्रेख्टचे बल मॉस्कोच्या बलापेक्षा कित्येक पटींनी मोठे आले. थोडाबहुत फरक असता तर हाताच्या चुकीवर ढकलता आला असता. हा फरक असा होता, की एक पक्ष पूर्णपणे चुकला असल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

देर्यागिनचे म्हणणे असे, की घासलेल्या काचेवर विजेचा भार उरतो आणि तोच प्रतिस्पर्ध्यांच्या तराजूत तोलला जात आहे. शिवाय धूळ. मध्ये धुळीचा एक कण आला तरी पृष्ठभाग आपण समजतो तितके जवळ येत नाहीत. मॉस्कोचा तराजूही विशेष होता. पृष्ठभाग एकमेकांकडे झेपावू लागताच विद्युत्प्रवाह आपोआप वाढून तो त्यांना जागच्या जागी आवरून धरी, आणि आवरण्यास लागलेला प्रवाह हेच बलाचे माप. इतक्यात मॉस्कोतल्याच लिफ्शित्झ ह्याने रेणूंची बेरीज सोडून संपूर्ण पदार्थाच्या प्रकाशीय गुणांवरून हे बल काढण्याचा नवा सिद्धांत मांडला, आणि त्याचे उत्तर अब्रिकोसोव्हाच्या आकड्यांशी जुळले. वाद मिटला तो मात्र सभेत नव्हे. १९६० मध्ये उट्रेख्टच्याच मंडळींनी सुधारलेल्या उपकरणाने नवी मापे प्रसिद्ध केली आणि ती लिफ्शित्झच्या सिद्धांताशी जुळणारी होती. आपले पूर्वीचे आकडे आपणच पुसण्याचे हे काम सोपे नसते. कचेरीत एकदा पाठविलेला आकडा दुरुस्त करावयाचा म्हणजे केवढा खटाटोप, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

येथून पुढे अभ्रक पुन्हा रंगमंचावर येतो. काच कितीही घासली तरी तिच्यावर टेकाडे राहतात, म्हणून अंतर फार कमी करता येत नाही. केंब्रिज येथे डेव्हिड टेबर आणि विंटरटन ह्यांनी १९६९ मध्ये अभ्रकाची ताजी पाने दोन दंडगोलांवर चढविली, ते दंडगोल एकमेकांस आडवे धरले आणि एक स्प्रिंग लावून जवळ आणले. ठराविक अंतरावर आकर्षण स्प्रिंगला भारी होते आणि पृष्ठभाग झेप घेऊन मिळतात. स्प्रिंग बदलावयाची, झेपेचे अंतर टिपावयाचे. ह्या रीतीने ते मिलिमीटरच्या लक्षांशाच्याही आत पोहोचले, आणि जवळच्या अंतरावर बल एका नियमाने तर दूरच्या अंतरावर दुसऱ्या नियमाने घटते, हे कासिमिर व पोल्डर ह्यांचे १९४८ मधील भाकीत त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. टेबरचा शिष्य जेकब इस्राएलाश्विली ह्याने १९७२ पर्यंत ही मापे त्याहूनही जवळ नेली. त्याच काळात, १९७१ मध्ये, जॉन्सन, केंडॉल आणि रॉबर्ट्स ह्यांनी रबराच्या गोलकांवरून असे दाखविले, की चिकटणाऱ्या गोलकांचा स्पर्श केवळ दाबाने ठरत नाही, आकर्षण त्याला अधिक रुंद करते. आणि १९७५ मध्ये देर्यागिनच्या गटाने थोडे वेगळे उत्तर काढले. ह्यावरही दोन्ही गटांची चांगली जुंपली. मऊ व मोठ्या गोलकांना पहिले उत्तर लागू, कठीण व लहान गोलकांना दुसरे, अशी तोड टेबरने १९७७ मध्ये सांगितली.

हे सारे विद्वानांचे कुतूहल राहिले असते. त्याला पैशाचे महत्त्व आले ते सिलिकॉनमुळे.

१९५९ च्या २९ डिसेंबरला कॅलिफोर्नियात रिचर्ड फाइनमन ह्याने अतिसूक्ष्म यंत्रांविषयीचे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. त्याच्या भाकितांची आठवण सर्वजण काढतात. त्यात दिलेला एक इशारा मात्र बहुतेक विसरतात. यंत्र फार लहान केले की वजनाला किंमत उरत नाही आणि रेणूंच्या ओढीने भाग एकमेकांस चिकटून बसतात, हे त्याने तेव्हाच सांगितले होते. हिशेब सोपा आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी दहापट लहान केली, की तिचे वजन हजारपट घटते, पण तिचा पृष्ठभाग शंभरपटच घटतो. म्हणजे लहानात लहान होत जावे तसतशी वजनाच्या मानाने पृष्ठभागाची सत्ता वाढत जाते. आपल्या घरातली खुर्ची जमिनीला चिकटत नाही, पण भिंतीवरच्या पालीला ह्याच ओढीच्या बळावर छतावरून चालता येते.

१९८३ मध्ये बर्कली येथे हाउ आणि म्यूलर ह्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर, त्याच सिलिकॉनच्या, एका टोकाला जखडलेल्या आणि बाकी अधांतरी राहणाऱ्या पट्ट्या बनवून दाखविल्या. रीत अशी, की चकतीवर आधी एक काचेसारखा थर द्यावयाचा, त्यावर सिलिकॉनचा थर, त्याच्या पट्ट्या कोरावयाच्या आणि मग खालचा थर आम्लाने विरघळवून टाकावयाचा. आंब्याच्या दिवसांत रस वाळवून पोळी केल्यावर खालचे ताट काढून घ्यावे, तसे. पट्टी साधारण दोन मायक्रॉन जाड, खालची पोकळी तितकीच. लांबी शंभर ते हजार मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो.

घोटाळा होई तो आम्ल धुऊन काढल्यावर. पाण्याने धुतले, पाणी सुकू लागले, की पट्टीखाली उरलेला अखेरचा थेंब आपल्या पृष्ठताणाने पट्टीला खाली ओढी, आणि पाणी उडून गेल्यावरही पट्टी खालीच राही. महिनोन्महिने खपून बनविलेली चकती सुकविण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत वाया जाई. आमच्या काचांचेच हे भावंड. फरक एवढाच, की येथे वर्तमानपत्राचे पान घालावयास जागा नव्हती. पुढे तीही युक्ती निघालीच. पट्टीच्या पोटाला बारीक टेंभे ठेवावयाचे, म्हणजे ती पुरती टेकत नाही. कोणी पाणी गोठवून बर्फाची सरळ वाफ करू लागले. १९९३ मध्ये बर्कलीच्या मंडळींनी पाण्याच्या जागी दाबाखालचा कार्बन डायॉक्साइड वापरून, द्रव आणि वायू ह्यांतला भेदच नाहीसा होतो अशा अवस्थेतून पट्टी सुकविली. पृष्ठताणच नाही, तर ओढणार कोण? परंतु ह्या सर्व उपायांतला कोणता किती चांगला, हे ठरवावयास एक आकडा हवा होता. पट्टी खाली टेकली तर सुटेल की नाही, हे पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमागे किती ऊर्जा लागते त्यावर ठरते. तीच मोजता येत नव्हती. केंब्रिजचे दंडगोल सिलिकॉनच्या पट्टीखाली नेता येत नाहीत.

१९९२–९३ मध्ये मास्त्रांजेलो आणि स्यू ह्यांनी हा प्रश्न सोडविला. चकतीच्या एका कोपऱ्यात त्यांनी एकाच जाडीच्या पण क्रमाने वाढत जाणाऱ्या लांबीच्या पट्ट्यांची रांग बनविली, एखाद्या फणीसारखी, जिचे दात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लांब होत जातात. साऱ्या पट्ट्या एकदा पाण्याने खाली ओढल्या आणि सुकविल्या. आखूड पट्ट्या ताठ असतात, त्या उसळून वर येतात. लांब पट्ट्या लवचीक, त्या चिकटून राहतात. कोणत्या लांबीपाशी सुटणे थांबून चिकटणे सुरू झाले, एवढे सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. वाकण्याची ऊर्जा आणि चिकटण्याची ऊर्जा ह्यांचा समतोल, आणि त्याचे माप लांबी. पाचरीच्या जागी पोकळीची उंची आली आणि अभ्रकाच्या जागी सिलिकॉन आले, एवढेच. बाकी ओब्रेइमोव्हचीच पाचर आणि ओब्रेइमोव्हचीच भेग.

गणिताची एक खोच येथे सांगितलीच पाहिजे. ह्या समतोलात ऊर्जा लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येते. दोन मायक्रॉन जाडीच्या पट्टीची, दोन मायक्रॉन पोकळीवर, न चिकटलेली लांबी शंभर मायक्रॉन भरली, तर ऊर्जा चौरस मीटरला सुमारे ७७ मिलिज्यूल निघते; तीच लांबी दोनशे भरली, तर जेमतेम ५. ह्याचा फायदा असा, की अतिशय दुबळे आसंजनही ठसठशीत लांबीच्या रूपाने डोळ्यांपुढे येते. तोटा असा, की लांबी शेकडा दहाने चुकली तर उत्तर शेकडा चाळीसने चुकते. आणि लांबी चुकणे फार सोपे होते. पट्टीचे केवळ टोक टेकले आहे की तिचा बराच भाग सपाट चिकटला आहे, ह्यावर सूत्रातला गुणक चौपट बदलतो. टोकाने टेकलेली पट्टी जरा कोठे घसरली की हिशेब बिघडतो.

१९९९ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या डी बोअर आणि मिचाल्स्की ह्यांनी ही अडचण दूर केली. रांगेतल्या कोणत्या पट्ट्या चिकटल्या हे मोजीत बसण्यापेक्षा त्यांनी लांब पट्ट्या मुद्दाम विजेच्या ओढीने खाली चिकटविल्या, म्हणजे त्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळतात: एका टोकाला वर जखडलेल्या, मध्ये उतरत्या आणि पुढे सपाट पडलेल्या. मग प्रकाशाच्या व्यतिकरणाने पट्टीचा संपूर्ण आकार रेखून घेतला आणि ती नेमकी कोठे टेकते तो बिंदू काढला. वीज वाढविली की बिंदू सरकतो, कमी केली की मागे येतो. चिकटताना एक उत्तर आणि सुटताना दुसरे, हेही दिसू लागले. हवेतील ओल वाढवीत नेली, की एका मर्यादेपुढे आसंजन एकदम चढते, तेही ह्याच पट्ट्यांवर दिसले.

आकडे आले तेव्हा मात्र एक नवाच पेच पडला. पाणी धरणाऱ्या, भस्म चढलेल्या सिलिकॉनसाठी उत्तर चौरस मीटरला सुमारे २० मिलिज्यूल होते. पृष्ठभागावर मेणासारख्या लांब रेणूंचा एकच थर बसविला की तेच उत्तर एका मिलिज्यूलच्या शतांशाच्या आसपास घसरे. हवेतल्या अभ्रकाचे उत्तर तीनशेच्या घरात. इतके कमी का? सिलिकॉनचा थर गुळगुळीत दिसला तरी त्यावर काही नॅनोमीटर उंचीचे डोंगर असतात, आणि दोन पृष्ठभाग डोंगरांच्या शिखरांवरच टेकतात, हे सर्वांस मान्य होते. म्हणून चिकटण्याचे सारे श्रेय त्या शिखरांना दिले जाई. २००५ मध्ये डेलरिओ, डी बोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडबडीतपणा पायरीपायरीने बदलून मोजमापे घेतली आणि असे दाखविले, की पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत असेल तर शिखरे गौण ठरतात. मुख्य ओढ येते ती दऱ्यांमधून, जेथे पृष्ठभाग एकमेकांस शिवतच नाहीत. हवेच्या पातळ फटीच्या पलीकडून एकमेकांना खेचणारे तेच बल, ज्याच्या आकड्यावरून पन्नास वर्षांपूर्वी मॉस्को आणि उट्रेख्ट भांडले होते. खडबडीतपणा वाढला की मग शिखरांचे राज्य सुरू होते. मोजमापाच्या ह्या साऱ्या इतिहासात मला हा निष्कर्ष सर्वांत धक्कादायक वाटला. दोन वस्तू चिकटल्या म्हणजे त्या टेकल्या, अशीच आपली समजूत असते.

ह्या आकड्यांवर किती काही अवलंबून होते, ह्याचे एक उदाहरण आपणांपैकी बहुतेकांनी नकळत पाहिलेले आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक ह्याने १९८७ मध्ये एक चकती शोधून काढली, जिच्यावर लक्षावधी चिमुकले आरसे बसविलेले असतात. सुरुवातीस ह्या आरशांचा आकार सोळा मायक्रॉनचा होता. प्रत्येक आरसा सेकंदास हजारो वेळा इकडून तिकडे कलतो आणि दर वेळी त्याचे टोक खालच्या बैठकीवर टेकते. एक आरसा चिकटून राहिला, की पडद्यावर एक ठिपका कायमचा पांढरा किंवा काळा. आरशांना मेणाच्या जातीचा निसरडा लेप देऊन, टेकणाऱ्या टोकाला बारीक स्प्रिंगेचा आकार देऊन आणि सुटण्याच्या क्षणी विजेचा एक झटका देऊन ह्या दोषावर मात करण्यात आली. त्या शोधावर चालणारे प्रक्षेपक पुढे जगभरच्या चित्रपटगृहांत बसले आणि २०१५ मध्ये हॉर्नबेकला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोटारीतील हवेच्या पिशव्या योग्य क्षणी फुगवणारी सूक्ष्म यंत्रेही ह्याच कुळातली. तेथे एक पट्टी चिकटून राहिली तर पडद्यावरच्या ठिपक्यावर भागत नाही.

आता सूक्ष्म यंत्रांच्या चकतीवर, प्रत्यक्ष यंत्राला धक्का न लावता, एका बाजूस चाचणीच्या पट्ट्यांची फणी कोरता येते. त्या पट्ट्या विकावयाच्या नसतात. चकती सुकून आली, की तिच्यावर एकरंगी प्रकाश टाकून सूक्ष्मदर्शकात काळ्या-उजळ पट्ट्या मोजल्या जातात आणि सिलिकॉन जमिनीला टेकते ती जागा नोंदवहीत लिहिली जाते. अशाच पट्ट्यांवरून ओब्रेइमोव्हने आपल्या अभ्रकाच्या पानाची जाडी काढली होती.